वेम्बलीचे मनोरे

राजवाडा पडला, किल्ला ढासळला किंवा एखादे पुरातन देऊळ जमीनदोस्त झाले, तर त्याची हळहळ प्रथम इतिहासाच्या अभ्यासकाला वाटते. क्रीडांगण पडते तेव्हा हळहळणारा माणूस निराळा असतो. त्या वास्तूचा शिल्पकार कोण, हे बहुधा त्याला ठाऊक नसते. आपण कोणत्या बाजूच्या कोणत्या पायरीवर उभे होतो, त्या दिवशी ऊन होते की पाऊस, आणि अखेरच्या घटकेला चेंडू कोणाच्या पायाशी होता, एवढे मात्र त्याच्या मनात पक्के कोरलेले असते. लंडनच्या वायव्येस असलेले वेम्बलीचे जुने स्टेडियम २००२ च्या अखेरीस पाडले जाऊ लागले, आणि २००३ च्या प्रारंभी त्याचे सुप्रसिद्ध पांढरे मनोरे यंत्रांच्या जबड्यात सापडून खाली आले. त्या वेळी इंग्लंडात अशी हळहळणारी माणसे लक्षावधी होती. भारतात ती मूठभरच असतील. तथापि त्या वास्तूवर भारताचाही एक हक्क होता, आणि तो कमावलेला हक्क होता.

वेम्बलीच्या त्या टेकाडाला पाडापाडीची सवय मात्र जुनीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड वॉटकिन नावाच्या रेल्वेच्या एका धनाढ्य अध्यक्षाने पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याहून उंच मनोरा येथे उभारण्याचा संकल्प सोडला. त्याचा पहिला मजला कसाबसा पुरा झाला. पुढे पैसा आटला, पाया खचू लागला, आणि लोकांनी त्या अर्धवट सांगाड्याचे नाव ‘वॉटकिनचा वेडेपणा’ असे ठेवले. १९०४ पासून तो पाडण्यास प्रारंभ झाला आणि १९०७ पर्यंत तो नाहीसा झाला. त्याच जागी पुढे स्टेडियम झाले. एका शतकानंतर नव्या स्टेडियमसाठी जमीन खाली खणली गेली, तेव्हा त्या विस्मृत मनोऱ्याचा काँक्रीटचा पाया पुन्हा उजेडात आला. जमिनीची स्मरणशक्ती माणसापेक्षा चिवट असते, असे म्हणावयास हरकत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सत्ताधाऱ्यांना आपल्या साम्राज्याचे वैभव जगापुढे मांडावेसे वाटले. त्यासाठी १९२४ साली वेम्बली येथे ‘ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शन’ भरविण्याचे ठरले. वसाहतींची आणि अंकित देशांची दालने तेथे उभी राहिली. त्यांत घुमट आणि मिनार मिरविणारे हिंदुस्थानचेही शुभ्र दालन होते. या साऱ्या पसाऱ्याचा मुकुटमणी म्हणून जे क्रीडागार बांधण्यात आले त्याचे नाव ‘एम्पायर स्टेडियम’, म्हणजे साम्राज्याचे क्रीडागार. जॉन सिम्पसन आणि मॅक्सवेल एर्टन हे त्याचे वास्तुकार, तर ओवेन विल्यम्स हे स्थापत्यविशारद. सिमेंट-काँक्रीटच्या या प्रचंड बांधकामाला अवघे तीनशे दिवस लागले आणि साडेसात लाख पौंड खर्च आला. दर्शनी बाजूस सव्वाशे फूट उंचीचे दोन मनोरे उभे केले होते. त्यांच्या माथ्यावरचे घुमट पाहिले, की दिल्ली-आग्र्याच्या इमारतींची आठवण व्हावी. ज्या साम्राज्याचा गौरव करावयाचा, त्याच्याच एका अंकित देशाची छाया त्याच्या द्वारावर पडली होती.

बांधणाऱ्यांच्या मनातील शिस्तबद्ध दिमाखाला पहिला तडा गेला तो पहिल्याच दिवशी. २८ एप्रिल १९२३ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या चषकाचा अंतिम सामना येथे व्हावयाचा होता. बोल्टन वाँडरर्स आणि वेस्ट हॅम युनायटेड हे प्रतिस्पर्धी. स्टेडियमची क्षमता १,२७,००० प्रेक्षकांची. अधिकृत नोंद १,२६,०४७ माणसांची झाली. परंतु भिंती ओलांडून, फाटके रेटून जी माणसे आत शिरली त्यांची गणती कोणी करावी? दोन लाखांहून अधिक लोक आत असावेत, असा अंदाज केला जातो. गर्दी मैदानावर सांडली आणि हिरवळ दिसेनाशी झाली. बादशहा पंचम जॉर्ज येऊन बसले, पण खेळ सुरू होण्याचे चिन्ह दिसेना. तेव्हा जॉर्ज स्कोरी नावाचा एक घोडेस्वार पोलीस आपल्या ‘बिली’ नावाच्या फिकट रंगाच्या घोड्यावरून त्या जनसागरात शिरला आणि कोणाला न दुखविता हळूहळू लोकांना सीमारेषेबाहेर नेऊ लागला. इतरही घोडेस्वार पोलीस तेथे होते; पण छायाचित्रांत उठून दिसला तो पांढरा घोडा. पाऊण तासाच्या विलंबानंतर सामना सुरू झाला आणि बोल्टनने तो २-० असा जिंकला. लोकांच्या स्मरणात तो ‘पांढऱ्या घोड्याचा सामना’ म्हणूनच राहिला. बादशहाच्या आगमनापेक्षा एका पोलिसाचा घोडा लोकांना अधिक आठवावा, ही त्या वास्तूच्या भवितव्याची जणू नांदीच होती.

प्रदर्शन १९२५ साली संपले आणि या भव्य स्टेडियमचे करावयाचे काय, असा प्रश्न पडला. ते पाडून टाकावे, असाही विचार झाला. ते वाचले, त्याची हकीकत मोठी विलक्षण आहे. आर्थर एल्विन नावाचा एक माजी सैनिक प्रदर्शनात तंबाखू-सिगारेटचे लहानसे दुकान चालवीत असे. प्रदर्शन आटोपल्यावर तेथील दालने पाडून त्यांचे भंगार विकण्याचा व्यवसाय त्याने आरंभिला आणि त्यात पैसा केला. इतर सर्व पाडणाऱ्या या माणसाने स्टेडियम मात्र पाडले नाही. १९२७ साली त्याने ते मिळविले, कुत्र्यांच्या शर्यती सुरू करून त्याचा खर्च भागविला, आणि साम्राज्यवैभवासाठी बांधलेले ते क्रीडागार शनिवारच्या सुट्टीची वाट पाहणाऱ्या कामगारांच्या स्वाधीन केले. मैदानापासून राजासाठी राखलेल्या सज्जापर्यंत एकोणचाळीस पायऱ्या होत्या. त्या चढून चषक हाती घेणे, हे खाणीत राबणाऱ्यांच्या आणि गिरणीत खपणाऱ्यांच्या मुलांचे स्वप्न होऊन बसले.

दुसरे महायुद्ध संपले, आणि १९४८ साली ऑलिंपिक सामन्यांचा मान लंडनला मिळाला. इंग्लंड विजयी झाले होते, पण पार थकलेले होते. अन्नधान्याचे नियंत्रण चालूच होते. नवे क्रीडागार बांधण्याची ऐपत नव्हती. वेम्बलीचे स्टेडियम उभे होते, म्हणूनच ते सामने होऊ शकले. कुत्र्यांच्या शर्यतीच्या जागी धावपट्टी घालण्यात आली. स्थानकापासून स्टेडियमपर्यंतचा जो रस्ता ‘ऑलिंपिक वे’ म्हणून ओळखला जातो, तो तयार करण्यासाठी जर्मन युद्धकैद्यांचे श्रम वापरले गेले. २९ जुलै रोजी सहावे जॉर्ज यांनी सामन्यांचे उद्घाटन केले आणि एकोणसाठ राष्ट्रांची पथके त्या मनोऱ्यांच्या छायेत दाखल झाली. त्यांत पहिल्यानेच स्वतःच्या ध्वजाखाली चालणारे एक पथक होते. ते स्वतंत्र भारताचे.

भारताच्या हॉकीची कीर्ती त्यापूर्वीच दिगंत झाली होती. १९२८ साली ॲम्स्टरडॅमला, १९३२ साली लॉस एंजेलिसला आणि १९३६ साली बर्लिनला भारतीय संघाने सुवर्णपदक जिंकले होते. परंतु तिन्ही वेळा विजयानंतर चढला तो परक्या सत्तेचा ध्वज. बर्लिनच्या अंतिम सामन्याचा दिवस १५ ऑगस्ट १९३६ हा होता. त्या दिवशी मैदानात उतरण्यापूर्वी खेळाडूंनी आपल्या खोलीत राष्ट्रसभेच्या तिरंग्याला गुपचूप वंदन केले, अशी आठवण ध्यानचंद यांनी नोंदविलेली आहे. ज्या ध्वजाला दाराआड नमस्कार करावा लागला, तो अकरा वर्षांनी त्याच तारखेस दिल्लीत उघडपणे डौलाने फडकला. या तीन स्पर्धांत ब्रिटनचा संघ मात्र भारतापुढे कधी उभा ठाकला नव्हता. १९२० साली सुवर्णपदक मिळविल्यानंतर ऑलिंपिक हॉकीत तो उतरलाच नव्हता. राज्यकर्ते आणि प्रजा यांची या मैदानावरील भेट राहूनच गेली होती.

ती भेट १२ ऑगस्ट १९४८ रोजी वेम्बलीला झाली. तोपर्यंत दोहोंतील नाते बदलून गेले होते. स्वातंत्र्याला वर्ष पुरे होण्यास तीन दिवस उरले होते. फाळणीची जखम ताजी होती. पूर्वीचा संघ दुभंगला होता. १९३६ साली बर्लिनला भारताकडून खेळलेले दारा आता पाकिस्तानच्या संघाचे कर्णधार होते. उपांत्य फेरीत पाकिस्तानला ब्रिटनने हरविले आणि भारताने हॉलंडवर २-१ अशी मात केली. भारताचे नेतृत्व किशनलाल यांच्याकडे होते. संघात मुंबईचे गोलरक्षक लिओ पिंटो होते, कलकत्त्याकडून खेळणारे तरुण लेस्ली क्लॉडियस होते, पंजाबचे बलबीरसिंग होते. हिंदू, शीख, मुसलमान, ख्रिस्ती अशी ही मंडळी. जमीन पावसाने जड झाली होती, आणि टणक मैदानांवर वाढलेल्या भारतीय खेळाला ती मानवणारी नव्हती. तरीही पहिल्या अर्धात बलबीरसिंगांनी दोन गोल केले. उत्तरार्धात पॅट जॅन्सन आणि तरलोचनसिंग यांनी एकेक गोलाची भर घातली. ब्रिटनला एकही गोल करता आला नाही. भारत ४, ब्रिटन ०.

त्यानंतर जे घडले ते नियमाप्रमाणेच घडले. विजेत्या राष्ट्राचा ध्वज वर चढला, आणि ज्यांचा ध्वज वर्षापूर्वीपर्यंत दिल्लीच्या किल्ल्यावर होता ते शिष्टाचाराने उभे राहिले. प्रेक्षकांनीही या खेळाला मोकळ्या मनाने दाद दिली. कोणी घोषणा केली नाही, कोणी भाषण केले नाही. परंतु साम्राज्याचे प्रदर्शन मांडण्यासाठी जे क्रीडागार उभारले, त्यातच सुमारे पंचवीस वर्षांनी त्या साम्राज्यातून मुक्त झालेल्या देशाचा तिरंगा सर्वांत उंच काठीवर पोहोचला, याहून अधिक बोलके भाषण ते कोणते? बांधणाऱ्याने वास्तूला एक अर्थ दिलेला असतो. खेळणारे तिला दुसरा देतात. पहिला अर्थ कोनशिलेवर कोरला जातो. दुसरा कोठेच कोरलेला नसतो, आणि पुष्कळदा तोच टिकतो.

त्याच स्पर्धांत वेम्बलीने भारतीयांची निराशाही पाहिली. हेन्री रिबेलो हा एकोणीस वर्षांचा तरुण तिहेरी उडीच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. पदकाची आशा होती. पण उडी घेतानाच मांडीचा स्नायू दुखावला आणि सारे संपले. महाराष्ट्राला विशेष आत्मीयता वाटावी अशी कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची कुस्ती मात्र वेम्बलीत झाली नाही. ती अर्ल्स कोर्ट येथील एम्प्रेस हॉलमध्ये झाली. मातीच्या आखाड्यात वाढलेला तो मल्ल तेथे गादीवर लढला आणि सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला त्याने ब्राँझपदक मिळविले, त्याची पूर्वतयारी या सहाव्या क्रमांकात होती. तो एम्प्रेस हॉलही पुढे पाडला गेला आणि १९६२ पर्यंत त्याच्या जागी उंच कार्यालयाची इमारत उभी राहिली. खाशाबांनी ज्या छताखाली आंतरराष्ट्रीय कुस्तीचे पहिले धडे घेतले, ते आता शोधूनही सापडावयाचे नाही.

यानंतरची अर्धशतकाची वेम्बलीची कहाणी अशीच उलटसुलट आहे. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी हंगेरीच्या संघाने इंग्लंडला ६-३ असे हरविले आणि युरोप खंडातील कोणताही संघ आपल्याला घरच्या मैदानावर जिंकू शकत नाही, हा इंग्रजांचा भ्रम दूर केला. ३० जुलै १९६६ रोजी पश्चिम जर्मनीवर ४-२ असा विजय मिळवून इंग्लंड विश्वविजेता झाला आणि बॉबी मूर त्या एकोणचाळीस पायऱ्या चढून राणीच्या हातून चषक घेण्यास गेला. १९८५ साली इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी येथे संगीताचा विराट जलसा झाला. ११ जून १९८८ रोजी नेल्सन मंडेला यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त येथे समारंभ झाला, तेव्हा मंडेला कारागृहात होते. १६ एप्रिल १९९० रोजी ते स्वतः त्याच मैदानात उभे राहून हजारो लोकांशी बोलले. साम्राज्याच्या या क्रीडागाराने हाही दिवस पाहिला.

मग हे स्टेडियम पाडले का? त्याची कारणे पोकळ नव्हती. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकाला उभे राहण्यापुरती पायरी मिळाली तरी पुरत असे. परंतु १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीने अखेर ९७ जीव घेतले, आणि त्यानंतर मोठ्या फुटबॉल मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकाला बसावयास जागा असलीच पाहिजे, असा दंडक आला. वेम्बलीत बाके बसविली, क्षमता सुमारे ऐंशी हजारांवर आली. तरी छताचे खांब दृष्टीआड येत, धावपट्टीमुळे खेळ दूर राही, काँक्रीट जीर्ण झाले होते, आणि शौचालयांची अवस्था हा चेष्टेचा विषय झाला होता. ७ ऑक्टोबर २००० रोजी पावसात झालेल्या अखेरच्या सामन्यात जर्मनीने इंग्लंडला १-० असे हरविले आणि त्याच दिवशी इंग्लंडचे प्रशिक्षक केव्हिन कीगन यांनी पद सोडले. निरोपाचा दिवस असा उदास गेला.

मनोरे तरी राखावेत, असा आग्रह अनेकांनी धरला. ते संरक्षित वास्तूंच्या यादीत होते. परंतु नव्या आराखड्यात त्यांना जागा नव्हती, आणि जेथे ते उभे होते तेथून त्यांना हलविणे व्यवहार्य ठरले नाही. २००७ साली नवे स्टेडियम खुले झाले. त्यात नव्वद हजार आसने आहेत, २,६१८ शौचालये आहेत, आणि माथ्यावर १३३ मीटर उंचीची कमान आहे. त्या कमानीने छताचा भार पेलल्यामुळे प्रेक्षकांच्या दृष्टीआड खांब येत नाहीत. सज्जापर्यंतच्या पायऱ्या आता एकशे सात झाल्या आहेत. वृद्ध प्रेक्षकाला आणि अपंगाला जेथे सन्मानाने बसता येते, ती वास्तू जुनीपेक्षा बरी, हे कबूल केलेच पाहिजे. जुन्या वास्तूविषयीचे प्रेम हे तिच्या गैरसोयींविषयीचे प्रेम असू नये.

परंतु पाडण्याच्याही दोन रीती असतात. वेम्बलीचे जे मोडले ते सारेच फेकून दिले गेले नाही. एका मनोऱ्याच्या शिखराचा भाग जवळच्याच वस्तीतील उद्यानात स्मारक म्हणून ठेवला गेला. स्टेडियमजवळच्या नव्या पादचारी पुलाला लोकांच्या पसंतीने ‘व्हाइट हॉर्स ब्रिज’ असे नाव मिळाले. बिली घोडा अशा रीतीने पुन्हा रस्त्यावर आला. आणि काँक्रीटच्या राडारोड्याचा पुष्कळसा भाग, इतर बांधकामांच्या राडारोड्यासह, नॉर्थॉल्ट येथे नेऊन त्याच्या चार टेकड्या रचण्यात आल्या. त्यांवर माती पसरली, गवत लावले, आणि २००८ साली ते उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज तेथे मुले चढउतार करतात, आणि सर्वांत उंच टेकडीवरून नव्या वेम्बलीची कमान दिसते. ज्या पायऱ्यांवर लोक उभे राहून ओरडले, त्याच पायऱ्या आता गवताखाली लोकांना उंचावर नेतात.

येथे भारतीय श्रोत्याला आपल्या घराकडे वळून पाहणे भाग पडते. १९४८ च्या विजयाचे नायक बलबीरसिंग यांनी आपली अनेक पदके, छायाचित्रे आणि १९५६ साली मेलबर्नला संघाचे नेतृत्व करताना घातलेला कोट, हे सारे १९८५ साली नियोजित क्रीडा-संग्रहालयासाठी एका सरकारी संस्थेच्या स्वाधीन केले. २०१२ साली त्या वस्तूंची विचारणा झाली तेव्हा त्या सापडल्या नाहीत. २५ मे २०२० रोजी बलबीरसिंग निवर्तले, तोपर्यंतही त्या त्यांना परत मिळाल्या नव्हत्या. एका देशाने आपल्या मोडक्या काँक्रीटचाही ठावठिकाणा राखला. दुसऱ्याला आपल्या विजेत्याचा कोट राखता आला नाही.

भारतातही मैदाने पाडली जातात आणि नवी बांधली जातात. १९८७ च्या मार्चमध्ये सुनील गावसकरांनी कसोटी सामन्यांतील आपली दहा हजारावी धाव ज्या अहमदाबादच्या मोटेरा मैदानावर काढली, तेथील जुने स्टेडियम पाडून त्याच जागी कितीतरी मोठे स्टेडियम २०२० साली उभे राहिले. यात विषाद मानण्याचे कारण नाही. लोकसंख्या वाढते, प्रेक्षक वाढतो, सुरक्षिततेची जाणीव वाढते. सिमेंटचेही आयुष्य असते. मात्र कुदळ घालण्यापूर्वी तेथे कोण खेळले आणि तेथे काय घडले, याची नोंद करणे, शक्य तर त्या जागी एक साधी खूण ठेवणे, आणि ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिले त्यांच्या तोंडून ते ऐकून ठेवणे, या तीन गोष्टींना फारसा खर्च येत नाही. त्यांसाठी लागते ती वेळीच होणारी आठवण; आणि नेमकी तीच बहुधा उशिरा होते.

वेम्बलीच्या त्या सामन्यात भारताकडून खेळलेली पिढी काळाच्या पडद्याआड गेली. ज्या जमिनीवर ते चार गोल झाले, तीही खणून खाली नेली गेली. आता त्या विजयाला ना विटांचा आधार आहे, ना साक्षीदारांचा. तो जगेल तो सांगण्यातून. कोल्हापूरच्या तालमीत, पुण्याच्या एखाद्या मैदानावर, किंवा इंदूर-नागपूरच्या शाळेत हातात काठी घेऊन उभ्या असलेल्या मुलाला कोणी तरी सांगितले पाहिजे, की साम्राज्याच्या नावाने बांधलेले एक स्टेडियम होते, त्याला दोन पांढरे मनोरे होते, आणि एका ऑगस्ट महिन्यात, चिखलाने जड झालेल्या जमिनीवर, आपल्या माणसांनी तेथे आपला ध्वज उंच नेला. मनोरे पाडता येतात. ही हकीकत मात्र सांगणारा थांबला तरच नाहीशी होईल.